होकारे मॅडमचा जामीन

मामांना ऐकू कमी यायचं, म्हणून होकारे ऑफिसच्या जिन्यात उभी राहून फोनवर ओरडत होती, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

होकारे हे तिचं आडनाव नव्हे. आडनाव तिला रीतसर होतं, पण तिजोऱ्या बनवणाऱ्या या कंपनीत तीन वर्षांत ते कुणी वापरलं नव्हतं. कुणी काहीही काम सांगितलं की ती "हो" म्हणायची. कॅशियरकाका म्हणायचे, "एवढी बेरीज मारशील का गं पोरी?" "हो." विक्रीवाला म्हणायचा, "मॅडम, माझा दौऱ्याचा रिपोर्ट लिहाल का? माझं अक्षर जरा हे आहे." "हो." मालक म्हणायचे, "सुट्टीच्या दिवशी येऊ शकाल का?" आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत ती "हो सर" म्हणून मोकळी. शेवटी विक्रीवाल्याने तिचं नाव होकारे मॅडम ठेवलं. ते तिला इतकं चिकटलं की एकदा पगाराच्या पाकिटावरही काकांनी तेच लिहिलं. "नाव बरोबर आहे ना?" असं विचारल्यावर ती "हो" म्हणाली.

आता तुम्ही म्हणाल, तोंड नव्हतं का पोरीला? तोंड होतं हो. पण त्या तोंडाला कुलूप होतं आणि किल्ली बँकेत होती.

तिने आवाजाचं शिक्षण घेतलं होतं. गाण्याचं नव्हे, आवाजाचं. घंटा अशीच का घुमते, भिंतीमागची पोकळी नुसत्या टिचकीने कशी कळते, सभागृहात शेवटच्या रांगेला का ऐकू येत नाही, असलं सगळं. लहानपणी ती भांड्यांवर टिचक्या मारून कुठल्याला चीर गेलीय ते सांगायची, तेव्हा घरादाराने कौतुक केलं होतं. मोठेपणी त्याच कौतुकाचा अभ्यासक्रम एका लांबच्या विद्यापीठात निघाला, आणि फीचा आकडा ऐकून तेच घरदार चिडीचूप झालं. अखेर बँकेने कर्ज दिलं आणि शिंपीकाम करणारे मामा जामीन राहिले. दुकान, दोन शिलाई मशिनी आणि स्वतःचा शब्द एवढं त्यांनी बँकेपुढे ठेवलं. सही करताना म्हणाले, "कापड गेलं तर माझं जाईल. तू बिनधास्त शिव."

शिकून आल्यावर मनासारखी नोकरीही मिळत होती. वाद्यं बनवणाऱ्या एका कारखान्यात सूर तपासायला माणूस हवा होता. पगार मात्र असा, की सगळाच्या सगळा बँकेत नेऊन ओतला तरी हप्ता पुरा झाला नसता. मग तिने निमूटपणे तिजोरी कंपनीचा तक्रार विभाग धरला. वडील म्हणाले, "ऐकण्याचंच शिकलीस ना? मग ऐक आता." तिजोरी उघडत नाही म्हणून लोक दिवसभर फोनवर बोंबलायचे आणि ती ऐकायची. एकदा तिने एका गिऱ्हाइकाला फोन तिजोरीला टेकवून चकती फिरवायला सांगितलं आणि नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखला. तेव्हा कारखान्यातला फोरमन वर येऊन तिला म्हणाला, "मॅडम, तक्रार लिहून घ्यायची असते, ऐकायची नसते." ती "हो" म्हणाली.

हप्ता पाच तारखेला जायचा. एक तारखेपासून ती दिवसातून दोनदा पासबुक उघडून बघायची. पाच तारीख टळली की थोडे दिवस बरे जायचे, मग पुन्हा पुढच्या पाच तारखेची चाहूल. चपलेचा अंगठा तुटला तर ती सेफ्टीपिनवर महिना काढायची. मैत्रिणींनी कुठे बोलावलं की डोकं दुखतंय म्हणायची, आणि वाईट म्हणजे ते खरंच दुखायला लागायचं. नोकरी गेली की हप्ता थकणार, हप्ता थकला की मामांच्या मशिनी जाणार, आणि मामा तरीही म्हणणार, "असू दे गं." ते "असू दे गं" तिला नुसतं आठवलं तरी रडू यायचं. म्हणून सगळ्यांना हो, हो आणि हो.

तर त्या महिन्यात पगार उशिरा झाला, हप्त्याची तारीख चुकली, आणि बँकेची नोटीस थेट मामांच्या दुकानात जाऊन पडली. मामांचा फोन आला तशी ती जिन्यात पळाली. वरच्या वळणावर कॅशियरकाका काडीने दात कोरत उभे होते, हे तिला दिसलं नाही. काकांना मामांचा आवाज ऐकू येणं शक्य नव्हतं. होकारेचा मात्र स्वच्छ ऐकू आला.

"मामा, तुम्ही जामीन राहिला नसता तर माझं काय झालं असतं, सांगा!... हो, बँकेचंच प्रकरण!... अहो, या वेळची तारीख चुकली!... आईला नका सांगू, ती हाय खाईल!... सहा वर्षं! अजून सहा वर्षं काढायचीत, मग सुटले!... पळून? पळून कुठे जाणार मामा, ते कुठूनही हुडकून काढतात!... नाही, इथे ऑफिसात कुणालाच माहीत नाही!"

काकांची काडी दातातच राहिली.

कॅशियरकाका माणूस भला, पण हलक्या कानाचा. आणि थोडा दोष आपल्या भाषेचाही आहे, तो कबूल केला पाहिजे. कर्ज काढणाऱ्यालाही जामीन लागतो आणि तुरुंगातून सुटणाऱ्यालाही. दोघांचंही प्रकरणच असतं, दोघांनाही तारीख असते, दोघांच्याही घरी नोटीस येते. काकांनी जेवणाच्या सुट्टीत विक्रीवाल्याला कोपऱ्यात घेतलं.

"कुणाला बोलू नकोस. होकारे जामिनावर बाहेर आहे. बँक लुटलीय तिने."

"आपली होकारे?" विक्रीवाल्याचा घास हातातच राहिला. "काका, ती झुरळालासुद्धा हो म्हणते."

"अरे, तीच तर मेख आहे! असा गरीब चेहरा असल्याशिवाय बँकेत आत सोडतील का? आणि मला सांग, सगळं जग सोडून ती नोकरीला कुठे लागली? तिजोरीच्या कंपनीत!"

विक्रीवाल्याने घास तसाच डब्यात ठेवला. संध्याकाळपर्यंत ही बातमी कुणाला न बोलता सगळ्यांना कळली.

होकारेला एवढंच जाणवलं की आपल्याला कुणी काम सांगेनासं झालंय. काका बेरजा स्वतःच करायला लागले. विक्रीवाला तोंडात पेन धरून स्वतःचा रिपोर्ट स्वतः लिहू लागला. ती पाणी प्यायला उठली की गप्पा बंद पडायच्या. दुसरी कुणी असती तर खूश झाली असती, पण हप्तेवाल्या माणसाचं मन सरळ चालत नाही. तिचा हिशेब साधा होता: आधी माणसाचं काम काढून घेतात, मग माणसाला काढतात. तिला घाम फुटला. आणि ती स्वतः काम मागायला निघाली.

"काका," ती कॅशियरच्या जाळीपाशी जाऊन हळूच म्हणाली, "रोकड वगैरे मोजायची असेल तर मी येऊ का आत?"

काकांच्या हातातली नाण्यांची पिशवी खाली पडली. "नको, नको! मोजून झाली! काही शिल्लकच नाही आत!"

"शिल्लकच नाही?" तिच्या तोंडचं पाणी पळालं. कंपनी बुडत होती तर! "मग आमचा पगार?"

"तुमचा होईल! तुमचा सगळ्यांच्या आधी होईल!" काका म्हणाले. एरवी "अगं पोरी" म्हणणारे काका आज अहो-जाहोवर आले होते, हे ऐकून ती आणखीच घाबरली. परकं माणूस करून टाकलं की काढायला सोपं जातं, असं तिला वाटलं.

मग ती विक्रीवाल्याच्या टेबलाशी गेली.

"तुम्ही हल्ली मला काहीच देत नाही."

"का... काय देत नाही?"

"आधी दर आठवड्याला द्यायचात. मी कधी नाही म्हटलं का? माझं काही चुकलं असेल तर तोंडावर सांगा. मला बाकी काही नको हो, मला फक्त हप्त्याची काळजी आहे. पाच तारखेला हप्ता नाही पोचला, तर ते घरी माणसं पाठवतात!"

विक्रीवाला पांढराफटक पडला. "मॅडम, घरी म्हातारी आई आहे माझी."

"माझीही आहे," होकारे डोळे टिपत म्हणाली. "म्हणून तर भीती वाटते."

पाच तारखेला विक्रीवाला सकाळी सकाळी तिच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याने मागे कधीतरी नेलेली तिची छत्री परत दिली, तिचं स्टेपलर परत दिलं आणि वर एक जाड पाकीट ठेवलं. "एवढं गोड मानून घ्या," असं पुटपुटून तो गेलाही. होकारेने पाकीट उघडलं. आत नोटा होत्या. तीन वर्षं या गृहस्थाच्या चहाचे पैसे तीच देत आली होती, तेव्हा तिला वाटलं, चहाचेच असणार. मन भरून आलं आणि लगेच धस्सही झालं. जाणाऱ्या माणसाचाच असा हिशेब मिटवतात.

त्याच दुपारी मालकांचं बोलावणं आलं.

मालक चिक्कू होते, पण मूर्ख नव्हते. होकारेची बातमी त्यांच्या कानावर आली तेव्हा ते आधी घाबरले, मग विचारात पडले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. कंपनीची नवी तिजोरी बाजारात यायची होती. ती फुटते की नाही, हे खरं कोण सांगणार? फोरमन म्हणायचा फुटत नाही, पण त्याने बिचाऱ्याने आयुष्यात कधी तिजोरी फोडली होती?

"बसा," मालक म्हणाले.

तीन वर्षांत ते असं कधी म्हणाले नव्हते. होकारे बसली नाही, कोसळली.

"मला सगळं कळलंय."

"बँकेचं?"

"बँकेचं."

"सर, मी लपवणार नव्हते," ती म्हणाली. "पण सांगितलं की लोक वेगळ्याच नजरेने बघतात."

"साहजिक आहे." दार नीट लागलंय ना, हे मालकांनी मान लांब करून पाहिलं. "किती जण होता तुम्ही?"

"आमचा जवळजवळ सगळाच वर्ग, सर."

"अख्खा वर्ग?"

"हल्ली सगळे असंच करतात ना! आमच्या प्राध्यापकांनीच सुचवलं. ते स्वतः आमच्याबरोबर बँकेत आले होते."

मालकांनी टेबलावरच्या घरच्या फोटोकडे पाहिलं. त्यांचा मुलगा पुढच्या वर्षी कॉलेजात जायचा होता.

"आणि हाती किती लागले?"

तिने खालमानेने आकडा सांगितला. मालकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"मग ते आहेत कुठे आता?"

"संपले, सर. सगळे फीमध्ये गेले."

"जाणारच!" मालक अगदी कळवळून म्हणाले. वकिलांचा अनुभव त्यांनाही होता.

"मला काढू नका, सर. पुन्हा तारीख चुकवणार नाही. मामांना उगीच त्रास होतो."

"अहो, काढतंय कोण तुम्हाला? उलट मलाच तुमची मदत हवी आहे. आता हो की नाही ते अगदी मोकळेपणाने..."

"हो सर."

"काय ते तर ऐकून घ्या!"

ते तिला खाली कारखान्यात घेऊन गेले. नवी तिजोरी मधोमध उभी होती आणि फोरमन तिच्याशेजारी हाताची घडी घालून, जणू ती त्याचीच मुलगी. "ही माझ्या बापाच्याने उघडणार नाही," तो म्हणाला.

"मॅडम, जरा तुमच्या नजरेने बघा हिच्याकडे," मालक म्हणाले.

"नजरेने नाही कळायचं, सर. कान लावू का?"

मालकांनी फोरमनकडे असं पाहिलं, की बघ, याला म्हणतात धंद्यातलं माणूस.

होकारेने मशिनी बंद करायला सांगितल्या. पंखा बंद करायला सांगितला. फोरमनला जोरात श्वास घेऊ नका असंही सांगितलं, आणि सांगितल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. मग तिने थंडगार पोलादाला कान लावला आणि चकती सावकाश फिरवू लागली. तीन वर्षं तिच्या कानात लोकांची बोंबाबोंब भरली होती, आणि आज पहिल्यांदाच कुणीतरी तिच्याशी हळू बोलत होतं. एवढे पैसे, एवढ्या नोटिसा, एवढं रडणं, ते या ऐकण्यासाठी होतं, हे ती पार विसरून गेली होती. तिला इतका आनंद झाला की पाच तारीख आहे हेही आठवेना. फोरमनचा चहा थंड झाला, त्याने दुसरा मागवला, तोही थंड झाला.

"हिच्या आतली तिसरी चकती सैल आहे," ती डोळे मिटूनच म्हणाली. "बाकीच्या गप्प बसतात, ही बोलते." आणि तिने तिजोरीची मूठ दाबली. दार उघडलं.

फोरमन जमिनीवर बसला.

हे कुठे शिकलात, असं मालकांनी विचारलं नाही. असल्या गोष्टी न विचारलेल्या बऱ्या. त्यांनी तिथल्या तिथे तिला कारखान्याच्या मागची शांत खोली दिली, तिजोऱ्या तपासायचं काम दिलं आणि दुप्पट पगार दिला. "अनुभवाची किंमत करावीच लागते," असं म्हणाले. आपल्या बँकेतल्या हेलपाट्यांचा आणि रडण्याचा हा अनुभव मालकांना कुठून कळला, हे काही होकारेला समजलं नाही. पण ती "हो सर" म्हणाली, आणि या वेळी अगदी मनापासून.

पुढचे दिवस तिचे असे गेले की विचारू नका. रोज कान लावायचा, चकती फिरवायची, कुठे काय बोलतंय ते फोरमनला सांगायचं. फोरमन वहीत लिहून घ्यायचा, तेही "जी मॅडम" म्हणत. ती पोटभर जेवायला लागली. रस्त्याने जाताना गुणगुणायला लागली. नव्या चपला घेतल्या आणि घरी जाऊन त्या नुसत्याच न्याहाळत बसली. मग न राहवून तिने मामांना फोन लावला.

"मामा, पगार दुप्पट झाला!"

"काय चौपट झालं?"

"दुप्पट! दुप्पट! नवीन काम दिलंय!"

"कसलं काम?"

"तिजोऱ्या फोडते, मामा!"

एवढं मात्र मामांना पहिल्या फटक्यात ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून मामा कंपनीच्या दारात हजर. गळ्यातली मोजायची टेपसुद्धा काढायची राहिली होती. समोर कॅशियरकाका दिसले.

"माझी भाची कुठे आहे?"

"आपण कोण?"

"मी तिचा जामीन!"

काका उभेच राहिले. "या, या. बसा ना. किती वर्षं झाली आपल्याला या... या लाईनीत?"

"चाळीस वर्षं. मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हा हातात कात्री धरली." मामांनी काकांना सवयीने वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि त्यांच्या ढगळ शर्टावर नजर रोखली. "तुमचंही काहीतरी करायला हवं. पोटाशी फार सैल सोडलंय. काढून टाकू या का थोडं?"

काकांनी दोन्ही हातांनी पोट झाकलं आणि मालकांच्या खोलीकडे नुसतं बोट दाखवलं.

मामा आत घुसले. होकारे आवाज ऐकून मागोमाग धावत आली, पण तोवर मामांनी टेबलावर मूठ आपटलेली होती.

"लाज नाही वाटत? एवढ्या हुशार पोरीला तिजोऱ्या फोडायला लावता? एवढ्यासाठी कर्ज काढलं का आम्ही?"

"कर्ज?" मालक गोंधळले. "कसलं कर्ज?"

"शिक्षणाचं!"

"शिक्षेचं?"

"शिक्षणाचं हो, शिक्षणाचं! कान तपासून घ्या!" मामा गरजले. "बँकेने दिलं, मी जामीन राहिलो, आणि पोरगी हप्ते भरून भरून अर्धी झालीय! अजून सहा वर्षं आहेत!"

मालक हळूहळू खाली बसले. एकेक शब्द त्यांच्या डोक्यात वळून सरळ होत होता आणि त्यांचा चेहरा पडत चालला होता.

"म्हणजे मॅडम," ते क्षीण आवाजात म्हणाले, "तुम्ही बँक लुटलेली नाही?"

"मी?" होकारेने कानांवर हात ठेवले. "सर!"

"लूट झाली असलीच, तर ती दुसऱ्या बाजूने झालीय," मामा म्हणाले.

"मग तिजोरी उघडायला कुठे शिकलात?"

"विद्यापीठात, सर."

"डिग्री आहे?"

"पहिल्या वर्गात."

"अरेरे," मालक म्हणाले.

त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. माणूस फसला की जसा दिसतो तसे ते दिसत होते. "हे बघा मॅडम, तो पगार मी अनुभवी माणूस म्हणून दिला होता. डिग्रीवाल्यांचा पगार आपल्याकडे ठरलेला आहे. डिग्री घेतलेली मुलं काय, दारात रांग लावून उभी असतात. तेव्हा उद्यापासून तुम्ही आपल्या जुन्या टेबलावर, जुन्या पगारावर. फावल्या वेळात तिजोऱ्या बघत जा. चालेल ना?"

होकारेच्या तोंडात "हो सर" आलंच होतं. तीन वर्षांची सवय, ते आपोआप यायचं. पण समोर मामा उभे होते, गळ्यात टेप घेऊन, आणि तिच्या ओठांकडे बघत होते. ऐकू कमी येणारी माणसं ओठांकडेच बघतात. मामांपुढे हे "हो" म्हणायची तिला लाज वाटली. आणि खाली ती शांत खोली होती. ती खोली सोडायची या कल्पनेनेच तिला इतका राग आला, की तो राग आपलाच आहे यावर तिचा विश्वास बसेना.

"नाही, सर," ती म्हणाली.

तिने स्वतःचा आवाज कान देऊन ऐकला. कुठेही सैल वाजला नव्हता.

"नाही म्हणजे?" मालकांनी विचारलं. त्यांना हा शब्द तिच्या तोंडून ओळखीचा नव्हता.

"मग मी पलीकडच्या रस्त्यावरच्या तिजोरी कंपनीत विचारून बघते."

"बघा की! तिथेही डिग्रीला हाच भाव आहे."

"डिग्रीचं कशाला सांगू, सर? मुलाखतीत एवढंच सांगेन की बँकेचं प्रकरण आहे, मामा जामीन आहेत, आणि अजून सहा वर्षं बाकी आहेत. यातलं काहीच खोटं नाही."

मालकांनी पुन्हा रुमाल काढला. पलीकडच्या कंपनीचा मालक त्यांना चांगला माहीत होता. तो कॅशियरकाकांहूनही हलक्या कानाचा होता.

"काय म्हणाली ती?" मामांनी विचारलं.

"नाही म्हणाली," मालक थकून म्हणाले. "खोली तिची, पगारही दुप्पटच. पण मॅडम, एक विनंती आहे. तुम्ही शिकलेल्या आहात हे बाहेर कुणाला कळता कामा नये. दरोडेखोराच्या हाताखाली काम करतोय म्हणून फोरमन नीट वागतोय. डिग्रीवालीच्या हाताखाली एक दिवस राहायचा नाही."

मामांना सोडायला ती दारापर्यंत गेली. काका अदबीने उठून उभे राहिले. "हा माणूस मला बघून सारखा पोट का धरतो गं?" मामांनी विचारलं. मग जाता जाता तिच्या नव्या चपलांकडे बघून म्हणाले, "चांगल्या आहेत." एवढंच म्हणाले, पण होकारेला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

पुढच्या पाच तारखेला विक्रीवाला तिच्या खोलीत आला. दार लोटून घेतलं आणि टेबलावर पाकीट ठेवलं.

"हप्ता, मॅडम."

आता होकारेला सगळं उमजलं होतं. तिने पाकीट त्याच्याकडे सरकवलं. "नाही. नको."

विक्रीवाल्याचा चेहरा उतरला. त्याने खिशातून आणखी दोन नोटा काढून पाकिटावर ठेवल्या. "या महिन्यात एवढंच जमतंय हो. पुढच्या महिन्यात वाढवतो."

"अहो, तसं नाही!" तिने सगळ्या नोटा उचलून त्याच्या हातात कोंबल्या, मागच्या महिन्यातले चहापेक्षा जास्तीचे होते तेही काढून दिले. खरं सांगायची तर बंदी होती, म्हणून तिने सांगता येण्यासारखं होतं ते सांगितलं. "तुम्ही माझं काही देणं लागत नाही. सगळं फिटलं."

"फिटलं?"

"फिटलं."

"म्हणजे पुढच्या पाच तारखेला..."

"काही नाही. कधीच काही नाही."

विक्रीवाला मटकन खुर्चीत बसला. त्याने एक लांब श्वास सोडला. खांदे खाली आले, कपाळावरची आठी गेली, आणि तो लहान मुलासारखा हसायला लागला. मग डोळे पुसले आणि पुन्हा हसला. "आज आईला बाहेर जेवायला नेतो," असं म्हणाला, चालता चालता दारावर धडकला, दारालाच "सॉरी" म्हणाला आणि गेला.

होकारे तो गेला त्या दाराकडे कितीतरी वेळ बघत राहिली. सगळं फिटल्यावर माणूस असा दिसतो तर! आपणही असेच दिसणार, असेच दारावर आपटणार, सहा वर्षांनी.

मग तिला दुप्पट पगार आठवला. तिने बोटांवर हिशेब केला. सहा नाही, तीनच. ती हसली आणि पुढच्या तिजोरीला कान लावला.